बोलका टाका

चकती हिरवी होती. सकाळपासून प्रांजलनं कुर्त्याची कड वर करून चारदा बघितलं होतं. चारही वेळा बेंबीखालचा तो नखाएवढा दिवा तसाच पोपटी, तसाच शांत. म्हणजे सगळं ठीक. मग दुखत होतं ते काय होतं?

पोटात, पाळीत दुखतं त्या जागेच्या जरा वर, कुणीतरी आतून चिमटा धरून ठेवावा तसं दुखत होतं. सोडायचं नाव नाही आणि जोरही नाही.

"खाल्लं न्हाईस तू," सासूबाई म्हणाल्या. सुवर्णाआत्तींची नजर तव्यावर असली तरी ताटावरही असायची. "दोन घास तरी खा. एकटीचं पोट न्हाई ते."

"आत्ती, हळू. जुई ऐकतीय."

चार वर्षांची जुई पाटावर बसून बाहुलीच्या केसांचा गुंता करत होती. तिनं मान वर केली. "काय ऐकती मी?"

"काही नाही. आज्जी म्हणतीय, जुईला गूळ-पोळी हवी का."

"दोन," जुई म्हणाली आणि पुन्हा गुंत्यात शिरली.

आत्तींनी आवाज खाली आणला. "अजून बारा दिवस. तीन महिने पुरे होऊ देत. मग गल्लीला मी स्वतः पेढे वाटीन. तोवर कुणाला वास लागू द्यायचा न्हाई."

प्रांजलनं मान हलवली. ती तिचीही इच्छा होती. गेल्या वर्षी सहाव्याच आठवड्यात तिनं आनंदानं सगळ्यांना सांगून टाकलं होतं, आणि नवव्यात सगळं ओघळून गेलं. त्यानंतरचा महिनाभर दारातून येणारी प्रत्येक बाई आधी तिच्या पोटाकडे बघायची आणि मग तोंडाकडे. पोर गेल्याचं दुःख तिनं कसंबसं सोसलं, पण ते बघणं तिला सोसलं नव्हतं. या वेळी ही गोष्ट तिला, नवऱ्याला आणि आत्तींनाच ठाऊक होती. आणि खरं म्हणजे चकतीलासुद्धा ठाऊक नव्हती.

जुई अठ्ठाविसाव्या आठवड्यात जन्मली. मूल एवढंसं, आडवं फिरलेलं. म्हणून डॉक्टरांना गर्भाशयावर उभा छेद घ्यावा लागला, वरच्या, जाड स्नायूवर. असा छेद भरून येतो, पण भरलेली जागा पहिल्यासारखी होत नाही. स्नायू ताणला की लांबतो, व्रण लांबत नाही. पुढच्या बाळंतपणात तो उसवू शकतो. त्याच सुमारास इचलकरंजीच्या सरकारी दवाखान्यात नवे टाके आले होते. रेशमाच्या प्रथिनाचा धागा आणि त्यात कार्बनची डोळ्यांना न दिसणारी जाळी. धागा ताणला गेला की जाळीतली भोकं रुंदावतात, विजेला वाट काढणं जड जातं, आणि पोटावरची चकती ते मोजते. धागा विरघळत नाही, आयुष्यभर आत राहतो आणि व्रणावर किती ताण आहे ते सांगत राहतो. कागदावर त्याचं नाव लांबलचक होतं. बायका त्याला बोलका टाका म्हणायच्या.

पण नुसता ताण कळून भागत नाही. हसलं तरी पोट ताणतं, खोकलं तरी ताणतं, पाळीतही आवळतं. कुठला ताण भ्यायचा आणि कुठला सोडून द्यायचा, हे यंत्र हजारो बायकांच्या नोंदी वाचून शिकलं होतं. त्यासाठी ते दर महिन्याला फोनवर एवढंच विचारायचं: पाळी आली का? खाली दोन बटणं, 'आली' आणि 'नाही'.

'नाही' दाबलं की नोंद आपोआप आशाताईंकडे जायची. आशाताई दुसऱ्या दिवशी वजनकाटा घेऊन दारात उभ्या राहायच्या, आणि आशाताई दारात आल्या की गल्लीला दुसरं काही सांगावं लागत नसे. त्यामुळे माग-शेडमधल्या बायकांनी कधीच तोड काढली होती. प्रांजललाही ती तिथेच कळली. तीन महिने 'आली' दाबायचं आणि चौथ्याला 'नाही'. यंत्राला काय कळतंय!

प्रांजलनं दोनदा 'आली' दाबलं होतं.

*

शेडमध्ये चोवीस माग होते. प्रांजलचं काम त्यांच्या ताणावर लक्ष ठेवायचं. प्रत्येक मागावर चार-पाच हजार उभे धागे; कुठला बीम, म्हणजे उभ्या धाग्यांचा रूळ, जास्त ओढतोय, कुठला ढिला सोडतोय, हे तिच्या पडद्यावर चोवीस रेघांत दिसायचं. दहा वर्षं ती रेघा वाचत होती. रेघ थरथरायला लागली की कुठल्या मागावर सूत तुटणार ते तिला दोन मिनिटं आधी कळायचं, आणि जॉबरला, म्हणजे माग दुरुस्त करणाऱ्या राजाक्काला, ती हात करायची.

हातच करावा लागायचा, कारण त्या खडखडाटात माणसाचा आवाज पोचत नाही. शेडची भाषा हातांची. चार बोटं म्हणजे चहा, मनगट फिरवलं की बीम संपला, गाल फुगवला की मालक आला. लांबच्या टोकाची बाईसुद्धा सगळं वाचते. कुजबूज म्हणून काही नसतंच तिथं.

साडेदहाला चिमटा सुटला.

एकदम. प्रांजल खुर्चीत सैलावली. पोटात ऊन ऊन काही पसरल्यासारखं वाटलं आणि दुखणं गेलं. तिनं कुर्ता वर केला. चकती हिरवी, उलट सकाळपेक्षा जास्तच तजेलदार. फोनवर ओळ आली होती: 'ताण कमी झाला आहे. उत्तम.'

तिनं सुटकेचा श्वास घेतला आणि तो अर्ध्यावरच अडला. उजव्या खांद्याच्या टोकाला कळ आली. खांद्याला काय झालं? काही उचललं नव्हतं, धडकलं नव्हतं. कपाळाला घाम आला. चोवीस रेघा पडद्यावर पोहू लागल्या.

यंत्राच्या आत एक पान होतं, 'मूळ नोंद' नावाचं. तिथं कुणी जात नसे. तिथं नुसती धाग्याच्या ताणाची रेघ असे, हिरवं-लाल काही नाही. प्रांजल अधूनमधून बघायची, सवयीनं, जसं स्वयंपाकीण दुसरीच्या घरीही वरणाला किती उकळी आली ते बघते. तिनं ते पान उघडलं.

पहाटेपासून रेघ चढत होती. हळूहळू, थांबत थांबत, पण चढतच. नवानंतर ती थरथरू लागली. दहा एकोणतीसला एक टोक. आणि मग खाली, सरळ, विहिरीत दोर सुटावा तशी. आता ती तळाशी पडून होती, न हलता.

ही रेघ प्रांजलनं आयुष्यात हजारो वेळा बघितली होती. ताण कमी झाला म्हणजे बरं झालं, असं यंत्र म्हणत होतं. पण ज्याला काही धरून ठेवायचं आहे त्या धाग्यावर ताण नसेल, तर त्यानं काहीच धरलेलं नाही. धागा तुटला असता तर धाग्यातून वीजच गेली नसती, चकतीनं लाल दिवा तरी लावला असता. धागा शाबूत होता. ज्या मांसातून तो ओवला होता ते फाटलं होतं.

"नाही," ती मोठ्यानं म्हणाली. खडखडाटात तिचं तिलाही ऐकू आलं नाही.

ती भिंत धरत ऑफिसच्या काचेच्या खोलीत गेली, दार लावून घेतलं आणि मदतीचा नंबर लावला. गोड बाईचा आवाज आला. बाई नव्हतीच ती.

"नमस्कार प्रांजलताई. तुमचा टाका उत्तम स्थितीत आहे."

"माझं पोट... आत काहीतरी फाटलंय. चक्कर येतेय मला."

"गेल्या चौदा मिनिटांत ताण कमी झाला आहे. पाळीच्या वेदना असतील तर गरम पाण्याची पिशवी..."

"पाळी नाहीये! मला दिवस गेलेत. अकरा आठवडे झालेत."

"तुमच्या नोंदीनुसार पाळी गेल्या महिन्यात नऊ तारखेला आली आहे."

"मी खोटं दाबलं होतं." तिचे दात एकमेकांवर वाजायला लागले. "ऐक ना. ऐका. मी खोटं दाबलं होतं. दोनदा."

"नोंद बदलण्यासाठी आशाताईंची भेट आवश्यक आहे. तुमच्या भागातली पुढची वेळ गुरुवारी सकाळी अकराची आहे. ती ठरवू का?"

आज सोमवार होता.

प्रांजलनं फोनकडे बघितलं. आपण पडद्यावर एक आहोत आणि खुर्चीवर दुसरीच, आणि पडद्यावरची अगदी छान आहे, असं काहीसं तिला वाटलं. नवरा, अजिंक्य, कागलच्या फौंड्रीत. तिथं कामावर फोन आत नेता येत नाही. आत्तींना लावला तर त्या धावत यायला अर्धा तास. आणि तिच्या आत रक्त वाहत होतं. किती, कुठवर, कुणास ठाऊक. जुईच्या केसांना आज तेल लावलं नाही, हा एवढाच विचार डोक्यात गरगरत होता.

तिनं दार उघडलं. राजाक्का सातव्या मागावर वाकली होती. प्रांजलनं हात वर केला. राजाक्कानं बघितलं आणि मनगट फिरवलं: बीम?

प्रांजलनं नकारार्थी मान हलवली. आता सांगायचं कसं? गुपचूप सांगावं असं या भाषेत काहीच नव्हतं. तिनं दोन्ही हातांनी पोटापुढे हवेत एक गोल काढला. चोवीस मागांवरच्या नजरा वळल्या. मग तिनं दोन मुठी एकमेकींना लावल्या आणि फटकन फाकवल्या. सूत तुटलं की करतात ती खूण.

राजाक्का मागाला हात न लावता थेट भिंतीकडे धावली आणि तिनं मोठं लाल बटण थोपटलं. सगळे माग एकदम थांबले. दहा वर्षांत प्रांजलनं या शेडमध्ये भर दिवसा अशी शांतता ऐकली नव्हती.

"किती?" राजाक्कानं विचारलं.

"अकरा आठवडे," प्रांजल म्हणाली, आणि पूर्ण शेडला ते ऐकू गेलं. "अक्का, खांदा दुखतोय. मला घेऊन चला."

*

कापडाच्या टेंपोत, ताग्यांवर तिला आडवं घातलं. आडवं झाल्यावर खांद्याची कळ इतकी वाढली की ती किंचाळली. राजाक्कानं तिला आपल्या छातीवर टेकवून अर्धवट बसवलं आणि वाटभर ती ड्रायव्हरला शिव्या देत राहिली. सगळ्या मायेच्या शिव्या, पण मोजल्या तर शंभरावर.

दवाखान्यात तपासणीच्या दाराशी नर्सनं आधी चकती वाचली. "हिरवी आहे. पित्त असेल. बसवा त्यांना रांगेत."

"सिस्टर, ती पांढरीफटक पडलीय," राजाक्का म्हणाली.

ड्यूटीवर डॉ. शिरगुप्पे होते, कोवळे, नुकतेच आलेले. त्यांनीही पडदा बघितला. "टाका नॉर्मल आहे. आणि मॅडम, एवढ्या लवकर गर्भाशय फाटत नाही. अकरा आठवडे म्हणताय ना? तेवढ्यात पिशवीला ताणच नसतो. शिवाय इथे गर्भाची नोंदच नाही..."

"डॉक्टर, तुम्ही चकतीला तपासताय की बाईला?" राजाक्कानं कमरेवर हात ठेवले. "चकतीला बरं वाटत असेल तर तिला पाठवा घरी. बाईला ठेवून घ्या."

प्रांजलच्या डोळ्यांपुढे काळ्या कडा यायला लागल्या होत्या. तिनं फोन पुढे केला. 'मूळ नोंद'चं पान अजून उघडंच होतं.

"ही रेघ बघा," ती म्हणाली. शब्द जड झाले होते. एकेक उचलून ठेवावा लागत होता. "मी मागावर काम करते, डॉक्टर. सुताला बरं वाटत नसतं. ताण गेला म्हणजे... सुटलं. तुम्ही फक्त आत बघा. एकदा. मला लहान मुलगी आहे."

शिरगुप्प्यांनी रेघ बघितली. मग तिच्याकडे बघितलं, बहुधा पहिल्यांदाच. त्यांनी खिशातला सोनोग्राफीचा दांडा काढला आणि तिच्या बरगडीखाली टेकवला.

पडद्यावर यकृत, आणि त्याच्याभोवती साचलेल्या रक्ताचं काळं तळं.

डॉक्टर इतक्या मोठ्यानं ओरडले की नर्सच्या हातातला ट्रे पडला. "थिएटर! रक्त मागवा, चार बाटल्या. भूलतज्ज्ञांना बोलवा, आत्ता!"

पुढचं तिला तुकड्यांत आठवतं. छतावरचे पळणारे दिवे. कुठूनतरी पोचलेल्या आत्तींचा चेहरा, कुंकू घामानं कपाळभर फिसकटलेलं. सहीसाठी पुढे आलेला कागद, आणि एक प्रौढ डॉक्टरीण वाकून सांगतेय, "पिशवी वाचवायचा प्रयत्न करू. बाळाचं काही सांगता येत नाही. तुम्हाला वाचवायचं, एवढंच आता."

"जुईला..." प्रांजल म्हणाली. तिला खूप काही सांगायचं होतं. दुधाची साय तिला आवडत नाही, वादळात ती पलंगाखाली जाते. पण मास्क आला आणि जुई हा एकच शब्द तोंडात राहिला.

*

ती वाचली. पिशवीही वाचली. बाळ वाचलं नाही.

चौथ्या दिवशी शिरगुप्पे तिच्या खाटेशी स्टूल ओढून बसले. त्यांना बसवत नव्हतं, हे दिसत होतं. गर्भाला पोसणारी वार नेमकी जुन्या व्रणातच रुजली होती, ते म्हणाले; मुळं भिंतीत शिरावीत तशी. म्हणून इतक्या लवकर फाटलं, आणि वर चढलेल्या रक्तानं खांदा दुखला. फार क्वचित होतं असं.

"आणि चकती?" प्रांजलनं विचारलं.

"तेच बघत होतो मी दोन दिवस." त्यांनी मान खाली घातली. "आपल्या भागातल्या सहा हजार बायकांच्या नोंदी आहेत यंत्राकडे. त्यात पहिल्या तीन महिन्यांतला गर्भ जवळपास एकही नाही. यंत्राची समजूत अशी झालीय की इथल्या बायकांना एकदम चौथ्या महिन्यातच दिवस जातात."

डबा घेऊन आलेली राजाक्का दारात उभी होती. ती हसली नाही. "मीबी दाबलंय 'आली', चौथ्या खेपेला," ती म्हणाली. "तीन पोरं हायत माझी. चौथं न्हाई." आणि डबा ठेवून निघून गेली. चौथ्याचं तिनं आजवर शेडमध्ये कुणाला सांगितलं नव्हतं.

"तुमची नोंद दुरुस्त करता आली तर," डॉक्टर म्हणाले, "यंत्राला पहिल्यांदा कळेल की ही रेघ कशाची आहे. पण ती नोंद तुमची आहे. तुमच्याशिवाय कुणी बदलू शकत नाही. दिवसाची एक ओळ, डॉक्टरी हिशेबानं एकोणऐंशी ओळी. जबरदस्ती नाही. कधीच नाही केलंत तरी..."

"करीन," प्रांजल म्हणाली.

करायला तीन आठवडे गेले. रोज फोन उघडायची आणि मिटायची. शेवटी एका दुपारी, जुई शाळेत गेल्यावर, तिनं उशीला टेकून पान काढलं. आत्ती पायाशी लसूण सोलत बसल्या होत्या.

प्रत्येक ओळीत तारीख, आणि पुढे: गर्भ, नाही. गर्भ, नाही. खालीपर्यंत तेच. तिचं पोर कधी नव्हतंच, असं त्या पानाचं म्हणणं होतं.

पहिली ओळ तिनं बदलली. होय. दुसरी. होय. महिन्याभराच्या ओळी अशाच गेल्या.

"कुठली तारीख ती?" आत्तींनी विचारलं.

"बावीस."

"बावीसला तू आमसुलाचं सार मागितलंस. रात्रीचं उरलेलंच पाहिजे म्हणालीस, ताजं नको." आत्तींनी लसणाची पाकळी फोडली. "तेव्हाच मला कळलं."

प्रांजलनं पुढची तारीख मोठ्यानं वाचली. आणि मग असंच होत गेलं. ती तारीख वाचायची, आत्ती आठवायच्या. त्या दिवशी उलटीला मोरीत पळालीस आणि जुईनं तुझी नक्कल केली. त्या दिवशी अजिंक्यनं जांभळं आणली, तू सगळी एकटीनं खाल्लीस. त्या दिवशी काही न्हाई झालं, तू नुसती गॅलरीत बसलीस आणि हसलीस. मी आतनं बघत हुतो. काही दिवस दोघींनाही आठवले नाहीत, त्यांच्यापुढेही तिनं होय लिहिलं. गल्लीत कुणी ज्याचं नाव घेतलं नव्हतं, पेढा वाटला नव्हता, त्याचे एकेक दिवस त्या खोलीत येऊन बसत होते. आत्तींचे हात थांबले होते. लसूण तसाच.

एकोणऐंशीवी ओळ सोमवारची. होय.

तिनं बोट वर नेलं, पण पान संपलं नव्हतं. खाली मंगळवारची ओळ होती. गर्भ, नाही. शेजारी यंत्राचा प्रश्न: 'ही नोंद बरोबर आहे का?' आणि एकच बटण.

इतक्या ओळींतली हीच एक यंत्रानं खरी लिहिली होती. प्रांजलचं बोट तिच्यावर गेलं आणि तिथंच राहिलं. डोळे भरून आले, अक्षरं पसरली. तिला ते जमेना.

आत्तींनी ओला हात पदराला पुसला. काही न विचारता त्यांनी तिच्या हातातून फोन घेतला, चष्मा चढवला, आणि ती ओळ ओठ हलवत पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. मग पुन्हा एकदा वाचली. मग बटण दाबलं.

फोन त्यांनी पालथा ठेवला आणि प्रांजलच्या पायांवर चादर ओढली.

"पड जरा," त्या म्हणाल्या. "जुईला आणायला मी जातो."